कुठून आणलंस?

प्राध्यापकांच्या खोलीत पगारावरून, परीक्षेच्या कामावरून कितीही वाद झाले, तरी एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत असतं: मुलांना काही शोधता येत नाही. मोबाइलवर पहिलं दिसेल ते उचलतात आणि संदर्भ म्हणून खाली ‘गूगल’ लिहितात. पण मग हे शिकवायचं कुणी, असं विचारलं की एकमत मोडतं. एम.ए.चे प्राध्यापक म्हणतात, हे पदवीलाच व्हायला हवं होतं. पदवीचे प्राध्यापक बारावीकडे बोट दाखवतात. उरलेले म्हणतात, लायब्ररीवाले ओरिएंटेशन घेतात ना!

हे दुखणं केवळ आपलं नाही. आयर्लंडमध्ये क्लेअर मॅकगिनेस यांनी समाजशास्त्राच्या आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना याच विषयावर बोलतं केलं होतं. २००६च्या त्यांच्या शोधनिबंधातला सूर आपल्या ओळखीचा आहे: वेगळं काय शिकवायचं, नेहमीचा अभ्यास करता करता येतंच, ज्याला तळमळ आहे तो शिकतो.

असं म्हणणाऱ्यांना स्वतःला ते तसंच आलेलं असतं. कुणी भांडारकर संस्थेत दुपारच्या दुपारी बसलेलं असतं, कुणाला सरांनी दात्यांची सूची चाळायला लावलेली असते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत केली. ती हाताळणाऱ्याला आवृत्ती, साल, प्रकाशक बघायची सवय लागायचीच. पण प्राध्यापक झालेला माणूस हा त्या वर्गातून वर आलेला एखादाच. बाकीच्यांना ते कधी आलंच नाही, हे त्याच्या लक्षात कसं राहावं?

विद्यार्थ्याने तरी काय करावं? ‘१८५७च्या उठावाची कारणे’ असा विषय दिला की उत्तर गाईडमध्ये तयार असतं. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून गाईडचे पैसेही वाचले. त्याऐवजी विचारा, १९७२च्या दुष्काळात तुमच्या तालुक्यात कोणती कामं निघाली? मग जुनी वर्तमानपत्रं काढावी लागतात, सरकारी कागद मिळवावे लागतात, गावातल्या म्हाताऱ्यांपुढे बसावं लागतं. आणि तिघं तीन गोष्टी सांगू लागले की विश्वास कुणावर ठेवायचा, हेही ठरवावं लागतं. तेव्हा मात्र सरांचं म्हणणं खरं ठरतं, करता करता येतं. अर्थात असे वर्गभर प्रकल्प तपासणं तासिका तत्त्वावर चार ठिकाणी पळणाऱ्या प्राध्यापकाला परवडत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

संशोधनाच्या पातळीवर विद्यापीठांनी काढलेला तोडगा म्हणजे उचलेगिरी पकडणाऱ्या यंत्राने मोजलेली साम्याची टक्केवारी. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरत नाहीत. यातून विद्यार्थी एकच कौशल्य पक्कं शिकले, वाक्यं फिरवण्याचं. शिवाय यंत्राला दिसतं ते त्याच्या साठ्यात असेल तेवढंच. कधीही स्कॅन न झालेल्या मराठी पुस्तकातून पानंच्या पानं उतरवली, तरी अहवाल स्वच्छ येऊ शकतो. त्या अहवालावर मार्गदर्शकाची सही होते आणि ‘हे कुठून आणलंस?’ असं समोर बसवून विचारायचं राहून जातं.

खरं तर हे विचारायची विद्या ग्रंथपालाकडे आहे. यूजीसीच्या वेतनश्रेणीत तो प्राध्यापकाच्या बरोबरीचा, वेळापत्रकात मात्र त्याचा तास नाही. वर्षारंभी एक ओरिएंटेशन, त्यातही निम्मा वेळ पुस्तक हरवल्यास दंड किती, यात जातो. अंतर्गत गुणांतले पाच गुण संदर्भांवरच्या तोंडी परीक्षेसाठी राखून ठेवावेत आणि त्या परीक्षेला प्राध्यापकाशेजारी ग्रंथपालालाही बसवावं, असं आम्हाला वाटतं. पद रिकामं असेल तिथे आधी ते भरावं.

लेखकांना एक विनंती: पुढच्या अंकासाठी ‘इंटरनेटवरून साभार’ अशी तळटीप असलेला लेख पाठवू नये, तो परत येईल.

– संपादक