आधी क्लच, मग कंट्रोल युनिट

‘गिअर जरा चटकन पडायला हवेत, कंट्रोल युनिट बदलून द्या.’ जुन्या स्पोर्ट्स कारचे काम करणाऱ्या गॅरेजला ही मागणी नवी नाही. 1999 मध्ये आलेल्या फेरारी 360 मोडेनाचा मालक मधल्या काळात कुणाची तरी दोन क्लचची नवी गाडी चालवून आलेला असतो. मग आपल्या गाडीचा पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला झटका त्याला खुपू लागतो. त्याची मागणी रास्त आहे आणि काम होण्यासारखेही आहे. पण हे काम कामांच्या यादीत सर्वांत शेवटी यायला हवे. आज ते बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी होते, म्हणून हे संपादकीय.

360 मधली पॅडलने गिअर टाकण्याची यंत्रणा शर्यतीतून आली. 1989 मध्ये जॉन बर्नार्ड यांनी आखलेल्या फेरारी 640 मध्ये स्टिअरिंगमागची पॅडल्स प्रथम फॉर्म्युला वनमध्ये उतरली आणि नायजेल मॅन्सेलने त्या गाडीवर ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. रस्त्यावरच्या फेरारीत ती 1997 च्या एफ355 पासून आली. महाराष्ट्राच्या घराघरात 360 मोडेनाचे नाव पोहोचले ते 2002 मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते सचिन तेंडुलकरला ती मिळाली तेव्हा. गिअरबॉक्स मात्र नेहमीचाच होता: एक कोरडा क्लच, सिंक्रोनायझर आणि सहा गिअर. पायाचे आणि हाताचे काम मॅग्नेटी मारेलीच्या हायड्रॉलिक यंत्रणेकडे गेले, एवढाच बदल. एकदा हे डोक्यात बसले की पुढचे सगळे निदान सोपे होते.

पॅडल ओढल्यावर गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट इंजिनच्या संगणकांना टॉर्क कमी करायला सांगते. 360 मध्ये ते बॉशचे मोट्रॉनिक एमई 7.3 आहेत. हायड्रॉलिक दाबाने क्लच सुटतो. अ‍ॅक्ट्युएटर चालू गिअर काढतो, पुढचा निवडतो आणि घालतो. सिंक्रोनायझर वेग जुळवून देतो, क्लच पुन्हा धरतो, टॉर्क परत येतो. यातली एकही पायरी सॉफ्टवेअरला गाळता येत नाही. वेळ वाचतो तो एक पायरी पुरती संपायच्या आत दुसरी सुरू केल्याने आणि गिअर जास्त जोराने घातल्याने. 360 च्याच 2003 च्या चॅलेंज स्ट्राडाले आवृत्तीत फेरारीने हा वेळ सुमारे 150 मिलिसेकंदांवर आणला. त्याच वर्षीच्या एम थ्री सीएसएलसाठी बीएमडब्ल्यूने 80 मिलिसेकंदांचा आकडा दिला. या घाईचा भार सिंक्रोनायझरच्या रिंगांवर आणि क्लच प्लेटवर पडतो. शिवाय क्लच नेमका कुठे आहे हे सांगणारा सेन्सर तिळभर जरी चुकला, तरी एकमेकींवर चढवलेल्या पायऱ्या एकमेकींच्या पायांत येतात.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो क्लच पकडायला लागतो त्या बिंदूला. फेरारीच्या टेस्टरवर तो पीआयएस या नावाने मिलिमीटरमध्ये दिसतो. कंट्रोल युनिटला क्लचचा स्पर्श कळत नाही. साठवलेला हा आकडा आणि सेन्सरची जागा, एवढ्यावरच ते क्लच सोडते. साठवलेला बिंदू आणि प्रत्यक्ष बिंदू यांत फरक पडला की एका बाजूला गाडी उडी मारून सुटते; दुसऱ्या बाजूला इंजिन नुसते ओरडते, प्लेट घसरत राहते, तापते आणि वास सुटतो. मालक म्हणतो, ‘गिअरबॉक्स जुना झाला.’ कित्येकदा हा एक आकडा नीट बसवला, की ज्या झटक्यासाठी नवे युनिट मागवायचे ठरले होते तो झटकाच उरत नाही.

टेस्टरवर दिसणारी क्लचच्या झिजेची टक्केवारीही आंधळेपणाने घेऊ नका. ती मोजलेली नसते, नवा क्लच बसवताना नोंदवलेल्या स्थितीवरून काढलेली असते. मागच्या मिस्त्रीने क्लच बदलला आणि ती नोंद नव्याने केलीच नाही, तर पुढचे सगळे आकडे खोटे. बिले पाहा, मालकाला विचारा. शंका असेल तर बेल हाउसिंग उघडून प्लेट डोळ्यांनी पाहा.

पीआयएस बसवण्याआधी हायड्रॉलिक बाजू. 360 चे ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले की मागून पंपाची घरघर ऐकू येते. रेडिओ, पंखा, गप्पा सगळे बंद करून ती ऐका. पंप किती वेळ चालतो, कधी थांबतो ते लिहून ठेवा. नंतर गाडी स्थिर ठेवून गिअर घाला, काढा, पुन्हा घाला. अ‍ॅक्युम्युलेटर धड असेल तर साठलेल्या दाबावर काही गिअर पंपाविना पडतात. प्रत्येक गिअरला पंप उठत असेल तर अ‍ॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजन गेला असे समजा. असा पंप सतत राबून स्वतः जळतो, रिलेचे काँटॅक्ट चिकटवतो, आणि भरपाई म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर दाब निर्माण करू शकत नाही. तेल काळवंडले असेल तर बदला, क्लच लाइनमधली हवा टेस्टरच्या क्रमानेच काढा. हे झाल्याशिवाय पीआयएस बसवण्यात अर्थ नाही, कारण हवा असलेल्या लाइनवर घेतलेले माप दुसऱ्या दिवशी बदलते.

आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच फेरारीवर हात टाकायला मिळेल, पण ही विद्या त्यासाठी अडून नाही. 2014 मध्ये मारुती सुझुकी सेलेरिओ आली ती मॅग्नेटी मारेलीच्याच स्वयंचलित मॅन्युअल गिअरबॉक्ससह, आणि त्याच वर्षी टाटा झेस्ट डिझेललाही तो मिळाला. तिथेही कोरडा क्लच, पंप, अ‍ॅक्युम्युलेटर, अ‍ॅक्ट्युएटर आणि क्लचचा बिंदू शिकणारे कंट्रोल युनिट. भोसरीत किंवा मालाडमध्ये सेलेरिओचा क्लच बदलून स्कॅनरने त्याचे लर्निंग नीट करणाऱ्या फिटरला 360 चे निम्मे काम आधीच येते. ही गोष्ट आपल्या कारागिरांना कुणी सांगत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. महागड्या गाडीचे बॉनेट उघडताना त्यांच्या हातात येणारा संकोच अकारण आहे.

आता प्रत्यक्ष बदल. त्या काळच्या बीएमडब्ल्यू एम थ्रीमध्ये बहुतेक वेळा मूळ युनिट तसेच राहते, त्यात सीएसएलचे सॉफ्टवेअर भरले जाते. 360 मध्ये स्ट्राडालेचे युनिट घालण्याचा मार्ग आहे. तो घेताना इंजिनच्या संगणकांची आवृत्ती नव्या युनिटच्या टॉर्कच्या मागण्या ओळखते का, हे आधी पडताळा. मालकाला आणखी एक गोष्ट काम सुरू करण्याआधी सांगा: स्ट्राडालेला ऑटो मोड नव्हता, त्या बटणावर लॉन्च कंट्रोल होता. मुंबईच्या गर्दीत ऑटोवर गाडी रेटणाऱ्या माणसाला हे गाडी ताब्यात घेताना कळले, तर त्याचा राग योग्यच आहे. आणि कोरड्या क्लचच्या या गाडीत लॉन्च कंट्रोल म्हणजे क्लचचे आयुष्य हौसेने जाळणे, हेही त्याला तितक्याच स्पष्टपणे सांगा.

प्रोग्रामिंगच्या वेळी बॅटरीच्या भरवशावर राहू नका, स्थिर व्होल्टेजचा पुरवठा जोडा. मध्येच व्होल्टेज पडले तर युनिट अर्धवट भरलेले राहते आणि गाडी जागची हलत नाही. जुनी फाइल आधी वाचून घ्या. एक प्रत गॅरेजमध्ये ठेवा, एक मालकाला द्या. काढलेले मूळ युनिट मालकाचे आहे. ते नंबर लिहून, वेष्टनात बंद करून त्याच्या हाती द्या. या गाड्यांची किंमत मूळ भागांवर ठरते. नव्या फाइलमध्ये काय बदलले आहे आणि ती कुणी तयार केली, हे सांगता येत नसेल तर ती गाडीत घालू नका, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

काम झाल्यावरची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर 8,000 आरपीएमला घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. आधी गाडी गरम करा आणि पार्किंगच्या चढावर रिव्हर्समध्ये हळू घ्या. मग सिग्नलच्या गतीने पहिला-दुसरा, दुसरा-पहिला असे घालून पाहा. गरम क्लचचे पीआयएस पुन्हा वाचा आणि थंड असतानाच्या आकड्याशेजारी लिहा.

यासाठी एक नोंदपत्रक या अंकाच्या मधल्या पानावर दिले आहे: पंपाचा वेळ, पंपाविना पडलेले गिअर, पीआयएस थंड आणि गरम, क्लच बदलल्याची तारीख, जुन्या-नव्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. सेलेरिओ असो वा 360, ते भरून मालकाचे नाव आणि गाडीचा नंबर वगळून आमच्याकडे पाठवा. पुरेशी पत्रके आली की गाडीनिहाय तक्ते छापायला सुरुवात करू.