रिडलर आपला नाही, आणि ब्रूस वेनही नाही

मॅट रीव्ह्ज या दिग्दर्शकाचा 'द बॅटमॅन' ४ मार्च २०२२ ला प्रदर्शित झाला. १७६ मिनिटांचा, जवळजवळ सगळा अंधारात आणि पावसात घडणारा हा सिनेमा जगभरात ७७ कोटी डॉलरच्या आसपास कमावून गेला, ऑस्करची तीन नामांकनं घेऊन गेला आणि मागे एक वाद ठेवून गेला. तो वाद आपल्या पोरांच्या व्हॉट्सॲप गटांत अजून धुगधुगतो आहे. 'रिडलर बरोबर होता' असं लिहिलेली चित्रं फिरतात, आणि त्याखाली निळं हृदय टाकणारेही आपलेच असतात. म्हणून आम्हाला यात बोलणं भाग आहे.

आधी गोऱ्या जगाने काय म्हटलं ते पाहू. समीक्षक बहुतेक खूश होते. छायाचित्रकार ग्रेग फ्रेझरचा अंधार, मायकेल जियाकिनोचं संगीत, डेव्हिड फिंचरच्या 'सेव्हन' आणि 'झोडियाक'ची आठवण करून देणारा गुन्ह्याचा शोध, या सगळ्याचं कौतुक झालं. तक्रार होती ती लांबीची आणि शेवटच्या पाऊण तासाची. प्रेक्षकांत दोन तट पडले. २०१९ मध्ये रॉबर्ट पॅटिन्सनची निवड जाहीर झाली तेव्हा 'ट्वायलाइट'मधला रक्तपिपासू म्हणून त्याची टिंगल करणारे होते. त्यांतले बरेच सिनेमा पाहून गप्प बसले. दुसऱ्या तटाचं दुखणं वेगळं होतं. पोलीस अधिकारी गॉर्डन काळा का, म्हणजे जेफ्री राइट का? सेलिना काइलच्या भूमिकेत झोई क्रॅव्हिट्झ का? आणि शहराची सूत्रं हातात असलेल्या श्रीमंत गोऱ्यांना सेलिना एका दृश्यात एक शिवी देते, त्या एका वाक्यावरून या मंडळींनी आकाशपाताळ एक केलं. 'सिनेमात राजकारण घुसवलं' हा त्यांचा आरोप. हा आरोप आपल्याला चांगला परिचयाचा आहे. आपल्याकडे पडद्यावर बाबासाहेबांचा फोटो दिसला की हेच ऐकू येतं. आडनावापासून स्वयंपाकघरापर्यंत दुसऱ्यांची जात प्रत्येक चौकटीत दिसत असते तेव्हा मात्र ते राजकारण नसतं, ती 'गोष्ट' असते.

या तटाला उत्तर देण्यात आम्ही जास्त शाई घालवणार नाही. आमचं भांडण त्यांच्याशी आहे जे म्हणतात, हा सिनेमा व्यवस्थेवर घाव घालतो. आणि त्याहून मोठं भांडण आपल्या त्या पोरांशी, ज्यांना रिडलरमध्ये आपला माणूस दिसतो.

रिडलर म्हणजे एडवर्ड नॅश्टन. अनाथाश्रमात वाढलेला, मोठेपणी हिशेब तपासणारा माणूस. ब्रूस वेनच्या बापाने, थॉमस वेनने, महापौरपदाची निवडणूक लढवताना शहराच्या पुनरुज्जीवनासाठी १ अब्ज डॉलरचा निधी जाहीर केला होता. ती घोषणा करताना मागे अनाथ पोरांना गाण्यासाठी उभं केलं होतं. वेनचा खून झाला, निधी उरला, आणि त्यावर देखरेख करणारं कोणी उरलं नाही. महापौर, पोलीस आयुक्त, सरकारी वकील आणि गुंडांचा मुकादम फाल्कोनी सगळ्यांनी मिळून तो खाल्ला. ज्यांच्या नावाने निधी काढला ती पोरं एकेका खोलीत तिसतीस, उंदरांच्या आणि थंडीच्या हवाली राहिली. रिडलर हे सगळं कैदेत बसून सांगतो, तेव्हा थिएटरातला कोणताही आंबेडकरी पोरगा खुर्चीत पुढे सरकतो. साहजिक आहे. आपल्या नावाचा निधी दुसरीकडे जाणं म्हणजे काय हे आपल्याला गॉथम शहराने शिकवायची गरज नाही. अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेचा सहाशे कोटींहून जास्त पैसा दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल खेळांकडे वळवला गेला, आणि तत्कालीन गृहमंत्र्यांनी ते राज्यसभेत मान्य केलं. २०२५ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचा पैसा दुसऱ्या योजनेकडे वळवल्याची तक्रार खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी केली. फोटोत मागे उभं करायला आपली पोरं, खर्च मात्र भलतीकडे.

इथपर्यंत रिडलरचं म्हणणं खरं आहे. पण तो पुढे काय करतो, हे ती चित्रं फिरवणारे सांगत नाहीत.

तो समुद्राची भिंत फोडतो. शहर बुडवतो. जीव वाचवायला लोक ज्या सभागृहात जमतात तिथे त्याचे अनुयायी बंदुका घेऊन वर टपून बसलेले असतात. आणि त्यांची पहिली गोळी कुणाला लागते? बेला रियाल नावाच्या काळ्या बाईला. त्याच दिवशी निवडणूक जिंकून शहराची महापौर झालेल्या बाईला. तिने निधी खाल्लेला नाही. उलट निधी खाणाऱ्यांच्या महापौराविरुद्ध ती उभी राहिली होती. सगळ्या सिनेमात मतपेटीच्या वाटेने बदल मागणारं हे एकच माणूस, आणि रिडलरच्या टोळीला मारायला नेमकं तेच हवं असतं. ही टोळी कोण? इंटरनेटवर त्याची भाषणं ऐकणारे, एकाकी, चिडलेले पुरुष. यात आपला माणूस दिसणाऱ्यांना आमचा साधा सवाल आहे: निवडून आलेल्या दलित महिला सरपंचाला खुर्चीवर बसू न देणारे, तिच्यावर अविश्वास ठराव आणणारे, तिच्या हातून झेंडावंदन होऊ न देणारे आपण ओळखतो की नाही? मग बेला रियालवर गोळी झाडणारा आपला कसा?

२५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं बाबासाहेबांचं भाषण आपल्यातल्या बहुतेकांनी वाचलेलं आहे, निदान फलकावर त्यातली वाक्यं लावलेली आहेत. राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतला विसंवाद मिटवला नाही तर विषमतेचे बळी लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, हा इशारा त्यात आहे. काही जण हे वाक्य असं फेकतात जणू बाबासाहेब तसं होण्याची वाट पाहत होते. त्याच भाषणात, सनदशीर मार्ग उघडे असताना रक्तरंजित मार्ग सोडून द्या, असंही त्यांनी स्पष्ट बजावलं आहे. ज्याने महाडला हजारोंना तळ्यापर्यंत चालत नेलं आणि मार खाऊनही उलटा हात उगारू दिला नाही, त्या माणसाने हे सांगितलं आहे. भित्र्याचा सल्ला म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

आता दुसरी बाजू. सिनेमा व्यवस्थेवर घाव घालतो म्हणणारे समीक्षक.

पीडितांचा राग खरा दाखवायचा आणि मग तो राग करणाऱ्याला खुनी करून टाकायचा, ही हॉलिवूडची जुनी खोड आहे. २०१२ च्या 'द डार्क नाइट रायझेस'मध्ये बेन श्रीमंतांविरुद्ध भाषण ठोकतो आणि हातात अणुबाँब घेऊन फिरतो. २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'मध्ये किलमाँगर जगभरच्या काळ्यांच्या गुलामीचा हिशेब मागतो, पण त्याला असा क्रूर करून ठेवलाय की हिशेब मागणंच पाप वाटावं. रिडलर त्याच रांगेतला. प्रश्न खलनायकाने विचारायचा, उत्तर नायकाच्या ठोशाने द्यायचं, आणि प्रेक्षकाने घरी जाताना म्हणायचं, 'विचार करायला लावतो बुवा.' दिग्दर्शक जितका हुशार तितका हा व्यवहार सफाईदार होतो, आणि रीव्ह्ज हुशार आहे यात शंका नाही.

खरा प्रश्न या सिनेमात रिडलर विचारतच नाही. तो बेला रियाल विचारते. मारल्या गेलेल्या महापौराच्या अंत्यविधीला ती ब्रूस वेनला गाठते आणि म्हणते की तुमच्या घराण्याला दानधर्माची परंपरा आहे, पण तुम्ही स्वतः तर काहीच करताना दिसत नाही. ब्रूस उत्तर देत नाही. पटकथाही देत नाही. लगेच गाडी घुसते, गोंधळ होतो, प्रश्न वाहून जातो. आम्ही वाचलेल्या डझनभर समीक्षांत या दृश्यावर कोणी थांबलेलं नाही. रात्री गल्लीतल्या चोरट्यांची हाडं मोडणारा हा मालक दिवसा आपल्या कंपनीच्या हिशेबाकडे बघायलाही तयार नसतो, घरचा नोकर आल्फ्रेड मागे लागला तरी. शेवटी त्याला उपरती होते ती काय? सूडापेक्षा आशा बरी. संपत्तीचं काय, जमिनीचं काय, निधीवर देखरेख कोण करणार, यावर चकार शब्द नाही. दान मालकाच्या मर्जीवर चालतं, हक्क मर्जीवर चालत नाही. हा फरक फुले-आंबेडकरी माणसाला बाराखडीबरोबर शिकवलेला असतो, म्हणून आशेच्या त्या लाल मशालीने आमचे डोळे पाणावले नाहीत.

आणि एक गोष्ट, जी आम्हाला सगळ्या सिनेमात सगळ्यात जास्त आवडली, पण जिच्याबद्दल लिहिलेलं फार कमी सापडलं. महापौराचा खून एका लोखंडी अवजाराने झालेला असतो. जगातला सर्वांत मोठा गुप्तहेर म्हणवणारा बॅटमॅन ते हातात घेऊन बघतो. त्याला ते ओळखता येत नाही. शेवटी रिडलरच्या खोलीवर पहारा देणारा एक साधा पोलीस शिपाई म्हणतो, हे तर गालिचा बसवणाऱ्यांचं अवजार आहे, माझा काका तेच काम करतो. झालं. गालिचा उचकटतात, खाली सगळा कट रेखाटलेला असतो. अब्जाधीशाच्या तळघरातल्या यंत्रांना जे कळलं नाही ते कष्टकऱ्याच्या पुतण्याला एका नजरेत कळलं. आधी विचारलं असतं तर शहर बुडालं नसतं. पण त्याला विचारणार कोण? सिनेमाही त्याच्यापाशी अर्धा मिनिट थांबतो आणि पुढे पळतो.

आता थोडं घरचं. ४ मार्च २०२२ याच दिवशी आपल्याकडे नागराज मंजुळेंचा 'झुंड' लागला होता. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं आणि त्यांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्यावर बेतलेला, अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभे राहतात तो सिनेमा. तोही तीन तासांच्या घरातला. त्याच्या लांबीवर कुरकुर करणाऱ्यांतल्या किती जणांनी बॅटमॅनच्या लांबीला 'संयत मांडणी' म्हटलं, हे ज्याचं त्याने तपासावं. आठवडाभराने 'द काश्मीर फाइल्स' आला, अनेक राज्यांत करमुक्त झाला, आणि 'झुंड' का नाही हा प्रश्न निर्मात्या सविता राज हिरेमठ यांना जाहीरपणे विचारावा लागला. त्या पंधरवड्यात आपली किती पोरं गॉथमच्या अनाथाश्रमावर लिहीत होती आणि किती नागपूरच्या त्या मैदानावर? आम्ही कुणाला परदेशी सिनेमा पाहू नका म्हणत नाही. आम्हीही पाहिला, तोही थिएटरात, तिकीट काढून. पण खलनायकाच्या तोंडी चार वाक्यं आपल्या दुःखाची आली म्हणून हुरळून जायचं, आणि आपल्याच पोरांना माणूस म्हणून, खेळाडू म्हणून उभं करणारा सिनेमा 'जरा लांबलाय' म्हणून सोडून द्यायचा, याला आवड म्हणायचं की सवय?

नायकाबद्दलही बोलायला हवं. राजकारणातली भक्ती ही अधोगतीची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे, हे बाबासाहेबांनी त्याच १९४९ च्या भाषणात सांगितलं. त्याआधी १९४३ मध्ये पुण्यात रानडे, गांधी आणि जिना यांच्यावर बोलताना विभूतिपूजेची त्यांनी चिरफाड केली होती. मुखवटा घालून रात्री न्याय वाटत फिरणारा एकटा अब्जाधीश ही कल्पनाच मुळात त्या भक्तीवर जगते. रीव्ह्जच्या सिनेमात एक क्षण असा येतो की ही कल्पना स्वतःलाच घाबरते: रिडलरचा एक बंदूकधारी पकडला जातो, तू कोण असं विचारल्यावर तो बॅटमॅनचंच नाव सांगावं तसं सांगतो, मी सूड आहे. ठिणगी कुठून पडली हे तेव्हा नायकाला कळतं. इथे थांबून सिनेमा खोल उतरला असता, तर आम्ही वेगळा लेख लिहिला असता.

तो वळतो पाण्याकडे. बॅटमॅन लाल प्रकाशात लोकांना बाहेर काढतो, समीक्षक म्हणतात किती सुंदर. कुणाची घरं बुडाली हे कळायला २०२४ पर्यंत थांबावं लागलं. 'द पेंग्विन' या मालिकेत क्राउन पॉइंट नावाची गरीब वस्ती दिसते, आणि त्या पुरात सगळं कुटुंब गमावलेला व्हिक्टर अग्विलार हा पोरगा. बॅटमॅन तिथे फिरकत नाही. पेंग्विन त्या पोराला हाताशी धरतो, धंदा शिकवतो, घरचा म्हणवतो. आणि काम झाल्यावर, रात्री नदीकाठच्या बाकावर, पोराने 'तुम्हीच माझं कुटुंब' म्हटल्यावर, त्याचा गळा दाबून त्याच्या पाकिटातले पैसे काढून घेतो.