फवारणीआधी फटी बुजवा

पावसाळ्यात घराच्या कोपऱ्यातून रातकिड्याची किरकिर सुरू झाली की अनेक घरांतून लगेच पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो. ही घाई चुकीची आहे. झुरळं घरातच वाढतात. रातकिडा मात्र बहुतेकदा बाहेरून आलेला असतो. रात्रभर जळणारा दिवा, ओल आणि लपायला आडोसा या तीन गोष्टी त्याला घरात आणतात. मादी अंडी घालते ती ओलसर मातीत, म्हणजे बागेत किंवा कुंड्यांत. घरातल्या भिंतींवर कितीही औषध मारलं तरी बाहेरची पैदास थांबत नाही आणि दाराखालची फट उघडीच राहते. त्यामुळे काही दिवसांत नवे किडे आत येतात आणि पुन्हा फवारणी होते.

मग झोपमोड आणि कपड्यांची नासाडी सोसायची का, असं कुणी विचारेल. तक्रार खरी आहे. घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेले कपडे, रद्दी, पुस्तकं तो कुरतडतो. पण डासासारखा तो रोग पसरवत नाही. शिवाय आवाज करतो तो फक्त नर, पुढचे पंख एकमेकांवर घासून, मादीला बोलावण्यासाठी. म्हणजे अख्ख्या घराची झोप उडवणारा बहुधा एकच किडा असतो. जमिनीची थरथर जाणवताच तो गप्प होतो, म्हणून सापडत नाही. दिवा मालवून थोडा वेळ स्तब्ध उभं राहिलं तर तो पुन्हा बोलू लागतो आणि जागा कळते. तेही जमत नसेल तर भिंतीलगत चिकट सापळा ठेवावा. एवढ्यासाठी, तान्ही मुलं रांगतात त्या फरशीवर कीटकनाशक मारणं समर्थनीय नाही. फवाऱ्यांत सर्रास असणारी पायरेथ्रॉइड गटातली रसायनं माशांना अत्यंत विषारी असतात आणि त्यांतली काही मांजरांच्याही जिवावर बेततात.

फ्लॅटमध्ये राहणारा एकटा माणूस काय करणार, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणूनच हा प्रश्न सोसायटीच्या बैठकीत यायला हवा. जिन्यातले पांढरे दिवे काढून पिवळसर लावले तर कीटक कमी येतात. गळके नळ दुरुस्त करणं, मोरीला जाळी आणि दाराखाली रबरी पट्टी बसवणं, तळमजल्यावरची अडगळ हलवणं, ही कामं फवारणीच्या खर्चाआधी व्हावीत. एवढं करूनही उपद्रव उरलाच, तर मुलांचे हात पोहोचणार नाहीत अशा भेगांपुरतंच औषध वापरावं. घराबाहेरच्या मातीत रातकिडा राहणारच. त्याला आत येऊ न देणं मात्र आपल्या हातात आहे.