जहाजातून सुटले, मग पुढे?

व्हिडिओ गेममध्ये गुलामांची जहाजं दाखवावीत की नाही? माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा करणाऱ्या नातेवाईकांची सोय होईल. दाखवावीत. जरूर दाखवावीत. माझी तक्रार वेगळीच आहे. जहाज रिकामं झालं की गोष्ट संपली असं खेळणाऱ्याला वाटतं, आणि खरी गोष्ट तर तिथून पुढे सुरू होते. त्या पुढच्या गोष्टीचं एक मोठं प्रकरण आपल्या नाशकात घडलेलं आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

ज्यांना या खेळांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'असॅसिन्स क्रीड' नावाची एक खेळमालिका आहे. प्रत्येक खेळ इतिहासातल्या वेगळ्या काळात घडतो. 2013 साली आलेला 'ब्लॅक फ्लॅग' हा कॅरिबियन समुद्रातल्या चाच्यांवरचा, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याला जोडून आलेला 'फ्रीडम क्राय' हा गुलामांच्या सुटकेवरचा. त्याचा नायक अडेवाले हा स्वतःच एके काळचा गुलाम. आमचा कॉलेजात जाणारा नातू हे सगळं खेळतो, आणि मी शेजारी मेथी निवडत बसून प्रश्न विचारते. (इतिहास शिकवून निवृत्त झाले तरी खोड जात नाही!)

खेळ करणाऱ्यांनी एक गोष्ट फार चांगली केली आहे. गुलाम भरलेल्या जहाजावर सरसकट तोफा डागून चालत नाही, कारण आत माणसं आहेत. आधी राखणीची जहाजं बुडवायची, मग त्या जहाजावर चढायचं. शेवटाकडे एक प्रसंग आहे. असं एक जहाज बुडायला लागतं, नायक तळाच्या कोठारात उतरतो, साखळीने जखडलेली माणसं समोर पाण्याखाली जातात आणि त्याला सगळ्यांना सोडवता येत नाही. तो पाहताना माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. अटलांटिक महासागरातून सुमारे 1 कोटी 25 लाख आफ्रिकी माणसं अशी जहाजांत भरली गेली आणि त्यातली सुमारे 1 कोटी 7 लाखच पलीकडच्या किनाऱ्यावर उतरली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले तर मुलं वहीत उतरवून घेतात, बस्स. त्या एका प्रसंगाने नातू गप्प झाला.

पण त्याच खेळात दुसरंही एक आहे. सोडवलेल्या माणसांची मोजदाद चालू असते आणि ठरावीक आकडा झाला की बक्षीस मिळतं. "आजी, अजून थोडे सोडवले की नवीन हत्यार मिळेल!" मी विचारलं, "अरे, पण ते सुटलेले लोक गेले कुठे?" तो म्हणाला, "काही माझ्या जहाजावर आले, काही बंडवाल्यांना मिळाले. बाकीचे सुटले ना, आजी!"

सुटले ना. इथेच माझं घोडं अडतं. माणसं मोजायची आणि त्या मोजणीवर आपला फायदा बघायचा, हे तर गुलामांचे व्यापारीच करत होते. हेतू उलटा असला तरी वही तीच. एका डॅनिश कंपनीने शाळकरी मुलांसाठी केलेल्या खेळात तर गुलामांच्या आकृत्या एकावर एक रचून जहाज भरायचा भाग होता! 2015 साली लोक खवळले तेव्हा तो काढून टाकला. त्याच्या शेजारी 'फ्रीडम क्राय' कितीतरी सभ्य, हे मी मान्य करते. तरीही मोजदाद ती मोजदादच.

आता कोणी म्हणेल, बाई, हे अमेरिकेकडचं प्रकरण, आपला काय संबंध? संबंध आहे, मंडळी. सोळाव्या शतकात गोव्याच्या भर रस्त्यात माणसांचा लिलाव होत असे. लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तो पाहून लिहून ठेवला आहे. मलिक अंबर हा इथिओपियातला मुलगा, अनेकदा विकला जाऊन दख्खनमध्ये आला. मी शिकवलेल्या पुस्तकांत त्याची जमीन महसुलाची पद्धत होती, गनिमी कावा होता, पण तो आला कसा याला जेमतेम एक ओळ. 1677 मध्ये दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना कौल दिला, त्यात आपल्या मुलखात गुलाम विकत घ्यायला आणि बाहेर न्यायला साफ मनाई केली. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण पुढे पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत होती, हेही त्याच दमात सांगावं. आपली पाटी कोरी नाही.

आणि आता नाशिक. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलाम नेणारी गलबतं पकडत असे. सुटलेल्यांतली कित्येक मुलं मुंबई बंदरात उतरवली गेली. आईबापांचा पत्ता नाही, गाव माहीत नाही, भाषा कोणाला कळत नाही. सुटली, पण पुढे काय? त्यांतल्या अनेकांना नाशिकला मिशनऱ्यांनी 1854 साली वसवलेल्या शरणपूरला पाठवलं. तिथे त्यांना लिहावाचायला आणि हाताचं काम शिकवलं. आज आपण रिक्षावाल्याला "शरणपूर रोड" म्हणून सांगतो, पण शरण कोण आलं होतं हे विचारत नाही.

त्या शाळेतला एक मुलगा जेकब वेनराइट. हे नावही त्याला नंतर मिळालेलं. 1872 मध्ये तो डॉ. लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत सामील झाला. 1 मे 1873 रोजी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले. तेव्हा त्यांचा देह तिथेच न सोडता वेनराइट, सुसी, चुमा (हा चुमा आपल्या मुंबईत डॉ. विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत शिकलेला) आणि बाकीच्या सोबत्यांनी तो महिनोन् महिने पायी वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली ती वेनराइटने. त्या प्रवासाची त्याने लिहिलेली रोजनिशी आजही वाचायला मिळते. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता. दुसरा विल्यम जोन्स. नाशकात शिकून तो आफ्रिकेत परतला आणि मोंबासाजवळच्या रबाई गावी पळून आलेल्या गुलामांना आसरा देऊ लागला. ज्याला सोडवलं, तोच पुढे सोडवणारा झाला! असा शेवट मला तरी त्या खेळात दिसला नाही.

सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. त्या मुलांचा धर्म आणि नाव कोणी ठरवलं, त्यांना कोणी विचारलं का, हे प्रश्न आहेतच. 1874-75 च्या सुमारास त्यांच्यातल्या पुष्कळांना मोंबासाजवळ फ्रीरटाउन वसवायला पाठवलं. गावाला नाव दिलं मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. म्हणजे पुन्हा जहाज, पुन्हा दुसऱ्यानेच ठरवलेला मुक्काम. सुटका ही एका तोफेच्या बाराची गोष्ट नसते. कोणाला ती पुरी करायला सगळा जन्म लागतो, कोणाला तीही मुभा मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. खेळावर बंदी नको, नाकं मुरडणं तर नकोच. मुलगा खेळत असेल तर शेजारी बसा आणि "मग पुढे काय झालं?" एवढं एकदा विचारा. त्याचं उत्तर देणं हे काम खेळाचं नाही, आपलं आहे. आमच्या कुर्ला टर्मिनसहून गाडीत बसलं तर चारेक तासांत नाशिक रोड येतं. लांबच्या समुद्रातली जहाजं पडद्यावर पाहणाऱ्या मुलांना इतकं जवळचं शरणपूर दाखवायला काय हरकत आहे?

नाशिक, मुरुड, अलिबागकडच्या नातेवाईकांनी आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनी आपल्या घरात, गावात यातलं काही ऐकलं असेल तर जरूर लिहावं. आकडे पुष्कळ झाले, आता नावं हवी आहेत.