नीटच्या पलीकडचा रस्ता कोण सांगणार?

नीटचा निकाल लागला त्या रात्री गावाकडून मावसबहिणीचा फोन आला. "ताई, माझा नंबर लागत नाही. पण हृदय कसं चालतं, श्वास कसा चालतो, हे वाचायला मला लई आवडतं. नुसतं बीएस्सी करून काय होतं गं?"

मी दिल्लीत समाजशास्त्रात पीएचडी करते. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून विज्ञानाच्या मित्रमैत्रिणींना विचारत फिरले.

कळलं ते असं. तिला जे आवडतं तो शरीरक्रियाशास्त्र नावाचा स्वतंत्र विषय आहे. प्राणिशास्त्र किंवा जीवशास्त्रात बीएस्सी करून पुढे जाता येतं. दिल्लीच्या एम्समध्ये एमबीबीएस नसलेल्यांसाठीही या विषयात एमएस्सी आहे, प्रवेश परीक्षेने. सीएसआयआर-नेटच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा विषय आहे. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. दिल्लीत तिमारपूरला डीआरडीओची एक संस्थाच आहे, उंचीवर आणि थंडीत सैनिकाच्या शरीराचं काय होतं ते अभ्यासणारी.

अडचणीही आहेत. एमबीबीएस नसलेल्यांना वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायच्या जागा मोजक्याच. २०२० मध्ये या विषयातली त्यांची मर्यादा ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली गेली. हे नियम बदलत राहतात, ताजे वाचूनच ठरवावं.

पण माझ्या बहिणीचं नुकसान आधीच झालं होतं. दिल्ली विद्यापीठाला सीयूईटी लागते आणि तिचा अर्ज नीटच्या निकालाआधीच बंद होतो. तिला कुणी सांगितलंच नाही. सवर्ण मध्यमवर्गीय घरात ही माहिती जेवताना कानावर पडते. आपल्या घरात डॉक्टर, वकील, कलेक्टर एवढेच शब्द पोचलेत. आईबापांनी जे पाहिलं तेच सांगितलं. दोष त्यांचा नाही. माहितीसुद्धा वारशाने मिळते, म्हणून 'मेरिट' म्हणणाऱ्यांनी आधी या वारशाचा हिशेब द्यावा.

आत गेल्यावरही जात सुटत नाही. एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ मध्येच प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांबद्दलच्या तक्रारी नोंदवल्या. म्हणून संस्था निवडताना तिथे आपली किती मुलं टिकली, हेही विचारा.

तरीही जा म्हणते. दिल्ली-एनसीआरच्या गटारांत माणसं गुदमरून मरतात. हायड्रोजन सल्फाइड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही, हे शरीरक्रियाशास्त्र सांगतं. त्या गटारात कुणालाच का उतरवलं जातं, हे माझा विषय सांगतो. हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारणारं माणूस प्रयोगशाळेत हवं, आणि ते आपल्याच वस्तीतून जाईल.

बहिणीने जवळच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलंय. तुमच्या विहारातल्या अभ्यासिकेत एक कागद लावा: कोणती परीक्षा, अर्ज कधी बंद होतो, कुणाला फोन करायचा. पुढच्या वर्षी एकीचा तरी अर्ज वेळेत जाईल.