पाऊल आणि हाक

दिवाळी म्हटली की माहेरवाशिणी आल्या, सोऱ्या आला, उटण्याचा वास आला. यांच्याइतकीच ठरलेली आणखी एक गोष्ट आहे; ती म्हणजे घरातल्या लहान मुलांची मोजदाद. फराळाची ताटे पुढे आली, की कोणाच्या बाळाला दात किती, कोणाचे उभे राहू लागले, कोणाचे ‘मामा’ म्हणते, याचा हिशेब ओसरीवर सुरू होतो. या हिशेबात ज्याचे मूल मागे, त्याच्या आईच्या घशाखाली अनारसा उतरत नाही.

मीही हा हिशेब पुष्कळ वर्षे हौसेने केला. एका दिवाळीत मात्र तो माझ्या हातून पार चुकला. चूक आजीची, आणि आजीने आपली चूक कबूल करण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. पण ती सांगितल्याने एखाद्या घरचा उपयोग होणार असेल, तर प्रघात मोडायला हरकत नसावी.

गोष्ट 2017 सालची. आमचे बिऱ्हाड बुलढाण्याला. मुलगा-सून आमच्याजवळच, आणि लेक दिलेली खामगावला. धनत्रयोदशीला बोथ्याचा घाट चढून लेक आणि जावई आले, बरोबर दोन वर्षांची नात. घरात मुलाचा मुलगा होताच, सोळा महिन्यांचा. एवढ्या आनंदाच्या दिवसांत घर काळजीत होते, ते या नातवापायी. पठ्ठ्या चालतच नव्हता!

चालणे राहू द्या, तो रांगलाही नव्हता. बसल्या बैठकीला ढुंगणावर सरकत साऱ्या घरभर फिरे. शेजारच्या काकू रोज फाटकातून विचारीत, ‘‘काहून वं माय, लेकरू अजून चालत नाही?’’ सुनेचा चेहरा उतरे. तिळाच्या तेलाचे मर्दन झाले, सुताराकडून पांगुळगाडा करून आणला, देऊळगावराजाच्या बालाजीला नवस बोलून झाला. एका नातलगाने तर बसायचे चाकांचे वॉकर आणून दिले.

आणि नात? ती घरभर दुडुदुडु पळे, माझा पदर ओढून हवे ते दाखवी, हसली की गालाला खळी पडे. बोलत मात्र एक शब्द नव्हती. त्याची चिंता कोणालाच नव्हती, कारण तिचे वडील म्हणे तीन वर्षांपर्यंत बोलले नव्हते. आता ते वकील आहेत, आणि कोर्टात उभे राहिले की न्यायाधीशांनाच त्यांना आवरावे लागते! मग लेकीची कसली फिकीर? लेकीने एका डॉक्टरांना विचारले होते. तेही म्हणाले होते, तीन वर्षांपर्यंत वाट पाहा. पोपटाने उष्टावलेला पेरू तिला द्यावा, एवढीच काय ती सूचना मी केली होती.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. नात अंगणात फाटकाकडे पाठ करून पणत्यांची रांग मांडीत बसली होती. इतक्यात गल्लीच्या टोकाला पोरांनी सुतळी बॉम्ब लावला. केवढा आवाज तो! नातू भोकाड पसरून रडू लागला, सुनेच्या हातची तेलाची वाटी कलंडली, गल्लीतले कुत्रे आमच्या खाटेखाली शिरले. नात शांतपणे पुढची पणती मांडीत होती.

‘‘पोर मोठी धीट हो!’’ मी कौतुकाने म्हटले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तो ‘धीट’ शब्द मला टोचू लागला. धीट मूल रडणार नाही, हे खरे. पण दचकणारसुद्धा नाही? निदान मान वळवून पाहणारसुद्धा नाही?

सकाळी ती खेळत असताना मी हळूच तिच्या मागे जाऊन उभी राहिले. नावाने हाक मारली. पुन्हा मारली. देवघरातली घंटा आणून वाजवली. तिने पाहिले नाही. मग मी वळसा घालून समोर गेले, तशी मला पाहून खळी पाडून हसली. माझ्या हातातली घंटा मला पेलवेना.

लेकीला सांगणे फार जड गेले. ‘‘आई, ऐन दिवाळीत असे बोलू नकोस गं,’’ एवढेच ती म्हणाली. जावईबापूंनी आपल्या उशिरा बोलण्याचा दाखला पुन्हा दिला. पण भाऊबीज आटोपताच दोन्ही मुलांना घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

बाईंनी नातवाला आधी घेतले. पायांचा ताठरपणा पाहिला, खुबे पाहिले, तो आधाराशिवाय कसा बसतो, धरून उभा कसा राहतो, चिमटीत वाटाणा कसा उचलतो, हे सारे पाहिले. म्हणाल्या, ‘‘बसून सरकणारी मुले पुष्कळदा थोडी उशिरा चालतात. याला काही झालेले नाही.’’ मग नातीकडे वळल्या, आणि पाच मिनिटांतच गंभीर झाल्या.

पुढची तपासणी त्या वेळच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला झाली. मुलाला झोपवून, डोक्याला तारा लावून, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोहोचतो की नाही, हे यंत्रावर पाहतात. या तपासणीला ‘बेरा’ म्हणतात. नातीच्या दोन्ही कानांना जन्मापासून जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते.

दोन वर्षे हे आमच्या ध्यानात कसे आले नाही, असे आपण विचाराल. आम्हीही स्वतःला हजारदा विचारले. बाईंनी समजावले, की असे मूल डोळ्यांनी ऐकते. आपला चेहरा, हातवारे, सावली, पायाखालच्या फरशीचा कंप, दार उघडल्यावर येणारी झुळूक, यांवरून ते सगळे ताडते. हुंकार देते, हसते. घरच्यांना वाटते, ऐकते आहे, बोलेल सावकाश.

इकडे नातवाने काय केले? तुळशीच्या लग्नाला सगळे अक्षता घेऊन उभे असताना तो उठला आणि वृंदावनाच्या दिशेने चार पावले चालत गेला. ना पांगुळगाडा, ना वॉकर! त्या वॉकरविषयीही बाईंनी खडसावलेच होते. त्याने मूल लवकर चालत नाही. उलट जिन्यावरून गडगडण्याचे, चुलीपाशी पोचण्याचे भय वाढते. कॅनडाने 2004 सालापासून असल्या वॉकरच्या विक्रीला बंदीच केली आहे.

वाचकहो, आमची चूक ध्यानात आली ना? आम्ही काळजी केली ती ज्याला काळजीची गरज नव्हती त्याची, आणि धीर धरला तो जिथे एक दिवसही धरायला नको होता तिथे. कारण आम्ही मुलांकडे पाहतच नव्हतो. शेजारच्या मुलांकडे आणि घराण्याच्या आठवणींकडे पाहत होतो.

मुलांचे वेळापत्रक रेल्वेसारखे मिनिटाचे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या 816 निरोगी मुलांची पाहणी करून 2006 साली तिचे निष्कर्ष छापले. त्यांत स्वतःच्या पायांनी चालण्याची मुदत साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेली आहे. आणि शंभरात चारांहून थोडी अधिक मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत! दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाचे वय तर दोन वर्षांपर्यंत ठरलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून धरायचे असते. पत्रिकेतल्या तारखेपासून नव्हे.

पण मुदत मोठी आहे म्हणजे ती नाहीच, असे नाही. नऊ-दहा महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडून बोलत नसेल, अंग फार सैल किंवा फार ताठ वाटत असेल, वर्षाच्या आतच ते एकच हात चालवीत असेल, तर दाखवून घ्यावे. आणि आलेली गोष्ट मूल विसरू लागले, बोलणारे बोलेनासे झाले, तर कोणत्याही वयात त्याच आठवड्यात जावे. दाखवले आणि काही निघाले नाही, तर बिघडले काय? एक फेरी फुकट गेली, एवढेच.

त्यासाठी दर वेळी मोठ्या शहरात धावावे लागते, असेही नाही. 1975 साली सुरू झालेल्या बालविकास योजनेतली अंगणवाडी गल्लीत असते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते. वाढीतला उशीर ओळखणे हे त्यांचे नेमून दिलेले कामच आहे. आमच्यासारखी घरे ‘अंगणवाडी आपल्यासाठी नव्हे’ म्हणून तिकडे फिरकत नाहीत. त्यात नुकसान कोणाचे, हे मी आता जाणते.

नातीला आधी काही महिने श्रवणयंत्रे लावून पाहिली. ती पुरेनात, तेव्हा कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली. तिचा खर्च मोठा असतो; गरजू कुटुंबांना केंद्र सरकारच्या ‘ॲडिप’ योजनेतून मदत मिळू शकते. शस्त्रक्रिया झाली आणि मूल बोलू लागले, असे मात्र होत नाही. यंत्र आवाज पोचवते. त्याचा अर्थ शिकवावा लागतो. लेक वर्षानुवर्षे रोज तिला समोर बसवून ‘हा कुकरचा आवाज, ही पाण्याची धार, ही आजीची हाक’ असे सांगत बसली. बाईंनी एकदा म्हटले, आणखी दोन वर्षे वाट पाहिली असती, तर हे काम दुप्पट अवघड झाले असते. ते ऐकून जावईबापू खाली मान घालून उभे राहिले. कोर्टात न थांबणारा माणूस तो!

आता नात शाळेत जाते आणि वडिलांच्या वळणावर गेली आहे. गप्प बस म्हणावे लागते. पण मला आठवते ती 2018 ची दिवाळी. तीच ओसरी, त्याच पणत्या, आणि गल्लीच्या टोकाला पुन्हा सुतळी बॉम्ब. या खेपेला ती दचकली. हातातली पणती टाकून, मोठ्याने रडत माझ्याकडे धावत आली आणि पदरात तोंड लपवून बसली. मुलगी रडत होती, आणि आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो.