मातीच्या कारागिरांस मुक्काम

घरांत एखादा मुलगा तासन्‌तास मातीचे बैल करीत बसला, कीं आपण त्यास दोनच प्रश्न विचारतों : "अभ्यास झाला कां?" आणि "ह्यांतून तुला काय मिळणार?" हे प्रश्न गैर आहेत असें आम्ही म्हणत नाहीं, शिक्षक ह्या नात्यानें ते आम्हींही पुष्कळदां विचारले आहेत. परंतु दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आपण फार घाईनें मागतों, असें आमचें मत होत चाललें आहे. आणि तें विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांच्यापुढें मांडावें, ह्या हेतूनें हा अल्पसा लेख लिहीत आहों.

अमेरिकेंतील मोंटाना राज्याची राजधानी हेलेना. ह्या शहराजवळ विटांचा एक मोठा कारखाना होता आणि आर्ची ब्रे नांवाचे गृहस्थ तो चालवीत असत. त्यांचे वडील इंग्लंडांतून आलेले, वीटकामांत मुरलेले. आर्ची ब्रे ह्यांनीं ह्याच विषयाचें शास्त्रीय शिक्षण घेतलें होतें. पण संगीत, नाटक व इतर कला ह्यांचा त्यांस मोठा नाद. ज्या मातीनें आपल्या घराण्यास पोसलें, त्याच मातींतून कांहीं सुंदरही निर्माण व्हावें, असें त्यांच्या मनानें घेतलें. १९५१ सालीं त्यांनीं कारखान्याच्या आवारांतच एक कार्यशाळा उभारली. नियम जवळजवळ एकच : ज्यास मातकामाची मनापासून आस्था आहे, त्यानें येथें यावें आणि काम करावें.

तेथें प्रथम आलेले दोघे तरुण म्हणजे पीटर व्हूल्कोस व रूडी ऑटिओ. दोघेही मोंटानांतलेच, एकाचे आईबाप ग्रीस देशांतून व दुसऱ्याचे फिनलंडांतून पोट भरण्यास आलेले. दोघांनींही दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांत चाकरी केली होती. कार्यशाळेच्या इमारतीच्या बांधकामास त्यांचेच हात लागले. ते कारखान्यांत विटांचें काम करीत आणि उरलेला वेळ चाकापाशीं घालवीत. पुढच्याच वर्षीं, १९५२ सालीं, इंग्लंडचे प्रसिद्ध कुंभकार बर्नार्ड लीच, जपानचे शोजी हामादा आणि लोककलेचे मर्मज्ञ सोएत्सु यानागी हे तिघे तेथें येऊन गेले. एका आडबाजूच्या वीटभट्टीवर तीन खंडांचे कारागीर एकत्र बसून माती हाताळीत आहेत, हें दृश्य आमच्या डोळ्यांपुढें वारंवार येतें. १९५३ सालीं आर्ची ब्रे वारले. लावलेल्या रोपास फळ आलेलें पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. व्हूल्कोस ह्यांनीं पुढें मातीच्या भांड्यास शिल्पाची योग्यता आणून दिली, व ऑटिओ ह्यांनीं विद्यापीठांत अनेक वर्षें ही कला शिकविली.

कोणी विचारील, शिकण्यासाठीं शाळा आहेत, विकण्यासाठीं बाजार आहे. मग ह्या मुक्कामाचें प्रयोजन काय? त्याचें उत्तर मातीच्या स्वभावांत आहे. चित्रकारास चूक झाल्याचें तत्काळ दिसतें. कुंभकारास तें कित्येक दिवसांनीं कळतें. माती मळावी, चाकावर चढवावी, सावलींत हळूहळू सुकवावी, एकदां भाजावी, झिलई द्यावी आणि पुन्हां भाजावी. वाळतांना व भाजतांना माती आकसते. एक बाजू दुसरीपेक्षां लौकर सुकली तर भेग पडते. आंत ओल राहिली तर भांडें भट्टींत फुटतें. झिलईचा खरा रंग आंच लागल्यावांचून दिसतच नाहीं. ज्याच्या घरीं उद्यांच्या भाकरीची चिंता आहे, त्यानें नवा प्रयोग करून सबंध भट्टी वायां कशी घालवावी? तो काल खपलें तेंच आज करणार. म्हणून नवें करूं पाहणाऱ्यास चार गोष्टी लागतात : जागा, भट्टी, सवड, आणि चूक कोठें झाली हें सांगणारा समव्यवसायी शेजारी. हेलेना येथें ह्या चारही एकत्र मिळतात. कांहीं कलावंत तेथें उन्हाळ्याच्या मुदतीपुरते राहतात, तर कांहींस दोन वर्षेंपर्यंत राहतां येतें.

ह्यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप असा कीं, हे लाड श्रीमंत देशांस शोभतात. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तरी पुढें काय झालें तें पाहावें. ज्या कारखान्यानें कार्यशाळेस आसरा दिला, तो विटांचा भरभराटीचा कारखाना १९६० च्या सुमारास बंद पडला. ती जागाही परक्या हातीं गेली. कार्यशाळा मात्र चालूच राहिली, आणि १९८४ सालीं तिनेंच त्या जुन्या कारखान्याची जमीन मिळविली. आज घुमटाच्या आकाराच्या त्या थंड भट्ट्यांच्या सोबतीस जगभरांतून आलेले कलावंत काम करीत असतात. ज्यास आपण "फायद्याचें" म्हणतों तें गेलें, आणि ज्यास "नाद" म्हणतों तें टिकलें.

आतां आमच्या घरची एक गोष्ट सांगतों. ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एका कुंभाराचा मुलगा होता. सुटीनंतर तो आला, तेव्हां त्याच्या नखांत माती होती. आम्हीं सर्वांदेखत त्यास हात धुऊन येण्यास सांगितलें, आणि वर म्हटलें, "शिकून यांतून बाहेर पड." आमचा हेतू चांगला होता. मुलगा शिकला, आज तो एका कचेरींत कारकून आहे व सुखी आहे. मध्यंतरीं तो भेटावयास आला असतां, घरचें चाक कसें आहे, असें आम्हीं सहज विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, बाबा गेल्यावर तें मोडून टाकलें. मला तें फिरवितां येत नव्हतें." त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. परंतु त्या दिवसापासून तें वाक्य आमच्या मनांतून गेलेलें नाहीं. त्यास शिकविलें ह्याबद्दल आम्हांस पश्चात्ताप नाहीं. जें त्याच्या हातांत होतें, त्याची लाज वाटावयास लाविली, ह्याबद्दल आहे.

वास्तविक आपल्या कुंभारवाड्यांत असा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या होताच. लहान मूल आजोबांच्या चाकाजवळ बसून माती तुडवितां तुडवितां शिके. उणीव एकच : त्यास नवें करून पाहण्याची सवड नव्हती, आणि समाजाकडून मान नव्हता.

हेलेनासारखी संस्था आपल्या शाळेंत उभी राहणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु दरवर्षीं एक महिना जवळच्या गांवचा एखादा कुंभार, योग्य मेहनताना देऊन, शाळेच्या आवारांत बोलवावा. त्याचें चाक मांडावें. आठवड्यांतून दोन तास मुलामुलींनीं त्याच्यापाशीं बसावें. त्या तासांची परीक्षा घेऊं नये व गुण देऊं नयेत. मुलांच्या पंक्तींत त्यास "काका" म्हणून पान वाढावें, आणि शिक्षकांनींही मातींत हात घालावे. खर्च फार नाहीं. पालकांची संमति मात्र हवी. येत्या पालकसभेंत आम्ही ही सूचना मांडणार आहों. आपण यावें, विरोध असल्यास तोही मोकळेपणें सांगावा, अशी आमची नम्र विनंति आहे. आणि तोंपर्यंत, मूल मातीचे बैल करीत बसलेलें दिसल्यास, "ह्यांतून काय मिळणार?" हा प्रश्न निदान बैल वाळेपर्यंत तरी विचारूं नये.